शेल्टरमधून मांजर आणायचंय? आधी जाळी, मग कागद, मांजर सगळ्यात शेवटी

मी मांजरं फोस्टर करते, म्हणजे शेल्टरमध्ये जागा नसली किंवा पिल्लं फार लहान असली की ती काही आठवडे माझ्या घरी राहतात आणि मग दत्तक जातात. त्यामुळे दत्तक गेलेलं मांजर चार दिवसांत परत आलं की ते बऱ्याचदा माझ्याकडेच येतं. कारण ठरलेलं, "ते ॲडजस्टच होत नाहीये". जरा खोदून विचारलं की कळतं की शनिवारी मांजर आणलं, रविवारी सगळे नातेवाईक बघायला आले, सोमवारी ते दिवाणाखाली गेलं ते बाहेरच येईना, मंगळवारी घरमालकाचा फोन आला आणि खिडकीला जाळी लावायची तर अजून बाकीच आहे. मांजराने यात काहीच चुकीचं केलेलं नसतं, सगळा क्रम उलटा झालेला असतो. म्हणून हे क्रमाने लिहिलंय, क्रमानेच करा, आणि दुसरा आणि आठवा टप्पा तर अजिबात गाळू नका. मुंबई-पुणे-ठाण्यातल्या फ्लॅटचा विचार करून लिहिलंय, गावाकडे अंगणवालं घर असेल तर जाळीचा भाग थोडा बदलेल, बाकी सगळं तेच.

टप्पा १: घरातल्या माणसांचं आधी मिटवा

घरातल्या प्रत्येकाचा होकार हवा, "आणल्यावर बाबा आपोआप मानतील" हा होकार नव्हे. बसून तीन गोष्टी ठरवा: लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूचा ट्रे) रोज कोण साफ करणार, गावी गेल्यावर मांजर कोण सांभाळणार, आणि व्हेटचं बिल कोण भरणार. ही तीन उत्तरं आज नसतील तर ती मांजर आल्यावरही नसतात.

घर शाकाहारी असेल तर इथेच स्पष्ट बोला. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे, टॉरिन नावाचं जे पोषकद्रव्य लागतं ते त्याला प्राण्यांच्या मांसातूनच मिळतं आणि ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही जातात. दूध-पोळी, दूध-भातावर मांजर जगवता येत नाही. तुम्हाला घरात मांस शिजवायचं नसेल तर काही हरकत नाही, पाकिटातलं कॅट फूड आहे, पण त्यातही चिकन-मासेच असणार हे आजीला आधी सांगा, नाहीतर पहिल्याच आठवड्यात स्वयंपाकघरात भांडण होतं आणि मांजर परत जातं.

भाड्याचं घर असेल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सॲपवरचा मेसेजही चालतो पण तो हवाच. सोसायटीला पाळीव प्राणी ठेवायला सरसकट बंदी घालता येत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची भूमिका तीच आहे, तरी सेक्रेटरीला आधी सांगून ठेवलं की पुढचे दहा वाद टळतात. महापालिकेत पाळीव प्राण्यांची नोंदणी लागते का तेही बघून घ्या, पुण्यात तर ती मांजरांसाठीही आहे.

घरात कुणी गरोदर असेल तर मांजर आणू नका असं सांगणारे पुष्कळ भेटतील, तो सल्ला अर्धवट आहे. टॉक्सोप्लाझ्माची (मांजराच्या शीतून पसरणारा, पोटातल्या बाळाला त्रास देऊ शकणारा परजीवी) भीती खरी आहे, पण मांजराच्या शीमधून बाहेर पडलेले त्याचे कण लागण करण्याजोगे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे लिटर रोजच्या रोज, आणि गरोदर बाईने नाही तर दुसऱ्या कुणीतरी, साफ केलं की धोका फार कमी होतो. स्वतःच्या डॉक्टरशी एकदा बोलून घ्या आणि मग ठरवा. ॲलर्जीची शंका असेल तर दत्तक घ्यायच्या आधी शेल्टरमध्ये जाऊन तास-दोन तास मांजरांमध्ये बसून या, म्हणजे बरंचसं कळतं.

वेळ कुठली? मे महिन्याची सुट्टी सगळ्यात वाईट, कारण तेव्हा पोरं हट्ट करतात, पिल्लंही भरपूर असतात, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की ते पिल्लू दिवसभर एकटं. गणपतीत घराचं दार सतत उघडं असतं, दिवाळीत फटाके. हे दिवस टाळा. सलग तीन-चार दिवस सुट्टी मिळेल आणि घरात पाहुणे नसतील असा मोकळा आठवडा निवडा.

थांबा आणि बघा: वरच्या तीन प्रश्नांपुढे माणसांची नावं लिहून झाली का? नसतील झाली तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: घर मांजरासाठी बंद करा

सगळ्यात जास्त अपघात इथे होतात म्हणून जरा लांब लिहिते.

"आमच्याकडे ग्रिल आहे" हे वाक्य मला फार ऐकायला मिळतं. ग्रिलमधून मांजराचं डोकं गेलं की अंगही जातं, आणि पिल्लाला तर तीन बोटांची फटही पुरते. मांजर उंचावरून पडलं तरी काही होत नाही हाही गैरसमज, पडणारी मांजरं पायावर पडतात हे खरं पण जबडा फुटतो, छातीत हवा भरते, पाय मोडतात, आणि त्यातली बरीचशी काहीतरी उडताना दिसलं म्हणून झेप घेऊन पडलेली असतात. कबुतर दिसलं की मांजराला उंची दिसत नाही.

जाळी कुठली लावायची? कबुतरांसाठी जी पातळ नायलॉनची जाळी लावतात ती मांजर चावून तोडतं आणि उन्हाने वर्षा-दोन वर्षांत ती कुजतेही. स्टीलची किंवा जीआय (जस्त चढवलेल्या) तारेची वेल्डेड जाळी, नाहीतर स्टीलची मच्छरजाळी पक्क्या फ्रेममध्ये, ही कामाची. वेल्क्रोने चिकटवलेली मच्छरजाळी नको, एका धडकेत निघते. लावून झाल्यावर तळहाताने चारी कोपऱ्यांत जोर लावून बघा, कोपरा सुटला तर कारागीर असतानाच परत करून घ्या. बाथरूमची काचेच्या पट्ट्यांची खिडकी, एक्झॉस्टचं भोक आणि एसीच्या पाइपची जागा या तीन जागा हमखास राहून जातात. सरकत्या खिडकीत एक बाजू कायम उघडी असते तीही धरा.

मग घराच्या आत. गुडघ्यावर बसा आणि मांजराच्या उंचीवरून घर बघा, खरंच बसा. फ्रिजच्या मागची जागा, ओट्याखालच्या ट्रॉलीमागची पोकळी, दिवाणाच्या आतला कप्पा, माळा, वॉशिंग मशीनचा ड्रम. मशीन लावायच्या आधी ड्रममध्ये हात घालून बघायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

दोरा हा प्रकार लोकांना माहितीच नसतो. मांजराची जीभ आतल्या बाजूला वळलेल्या काट्यांची असते त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला बाहेर टाकता येत नाही, तो गिळलाच जातो. शिवणाचा दोरा, पतंगाचा मांजा, मिठाईच्या खोक्याची रिबन, रबरबँड आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त म्हणजे देवाच्या हाराचा दोरा. निर्माल्याची पिशवी हुकला टांगलेली असते, शेवंतीचा वास येतो, मांजर खेळता खेळता पाकळ्या सोडून दोरा ओढतं आणि मग तो आतड्यात अडकून आतडी गोळा होतात. निर्माल्य झाकणाच्या डब्यात ठेवा.

सावधान: तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. आतडं कापलं जातं. तसंच व्हेटकडे न्या.

झाडांमध्ये लिली सगळ्यात घातक, परागकण अंगाला लागून चाटले तरी किडनी जाते, त्यामुळे वाढदिवसाच्या बुकेत लिली आली तर ती घरात ठेवूच नका. सायकस आणि कण्हेरही विषारी. मनीप्लांट आणि कोरफड एवढी जीवघेणी नाहीत पण चावली की लाळ, उलटी, जुलाब होतात, उंचावर टांगा. तुळशीला काही प्रॉब्लेम नाही.

फिनेल आणि डेटॉलसारखी फिनॉलवाली जंतुनाशकं मांजराच्या लिव्हरला झेपत नाहीत, ते फरशीवर चालतं आणि मग पंजे चाटतं, एवढ्यानेही त्रास होतो. साधा साबण आणि पाणी वापरा. कपाटातल्या डांबरगोळ्या काढून टाका. माणसांची पॅरासिटॅमॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, ताप वाटला म्हणून कुणीतरी प्रेमाने देतं आणि मग मांजर वाचवणं कठीण होतं.

सावधान: घरात आधीचं मांजर उलट्या-जुलाबाने अचानक गेलेलं असेल तर ते पॅनल्युकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) असू शकतं आणि तो व्हायरस घरात वर्षभरही टिकतो. अशा घरात लस पूर्ण न झालेलं पिल्लू आणायचं नाही, लसवालं मोठं मांजर आणा. आधी फरशी साबणाने धुवा, मग एक लिटर पाण्यात साधारण ३० मिली साधं ब्लीच घालून दहा मिनिटं ओलं ठेवा, मग स्वच्छ पाण्याने पुसा. ब्लीच फिनेलमध्ये किंवा ॲसिडमध्ये मिसळू नका. जुनं अंथरूण आणि लिटर ट्रे फेकून द्या.

टप्पा ३: सामान, आणि एक खोली

कॅरिअर कडक प्लास्टिकचा, वरून उघडणारा मिळाला तर सोन्याहून पिवळं. लिटर ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, म्हणजे एका मांजराला दोन, आणि मोठे. महागड्या झाकणवाल्या ट्रेपेक्षा उथळ पसरट टब बरा. लिटर म्हणून बेंटोनाइट (ओली झाली की गोळे होणारी माती) चालतं, पण अगदी लहान पिल्लं ते खातात म्हणून तीन महिन्यांपर्यंत गोळे न होणारं लिटर किंवा लाकडाच्या पेलेट्स वापरा. स्टीलच्या किंवा सिरॅमिकच्या पसरट वाट्या, नखं घासायला काथ्याचा खांब किंवा जुनं जाड पायपुसणं. बेड घेऊ नका, खोका पुरतो.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर चार किलोचं मांजर दिवसाला साधारण ५० ते ६० ग्रॅम सुकं खाणं खातं, म्हणजे महिन्याला पावणेदोन किलोच्या आसपास, आणि लिटर महिन्याला पाच ते दहा किलो लागतं. तुमच्या दुकानातल्या भावाने गुणाकार करा. त्यात व्हेटसाठी वेगळे पैसे बाजूला ठेवा, आणि ते महिन्याच्या खर्चात मिसळू नका.

आता खोली. मांजराला पहिले काही दिवस संपूर्ण घर द्यायचं नाही, एकच खोली द्यायची. बेडरूम चालेल, बाल्कनी नाही, आणि ॲसिड-फिनेल ठेवलेलं बाथरूम तर नाहीच. वन रूम किचन असेल तर मोठा पिंजरा भाड्याने किंवा शेल्टरकडून उसना घ्या, तीन बाजूंनी चादर टाका. खाणं एका कोपऱ्यात, लिटर समोरच्या कोपऱ्यात, पाणी दोन्हींपासून लांब. लपायला खोका आडवा ठेवा आणि पलंगाखालची जागा उशा घालून बंद करा, म्हणजे ते तुम्ही दिलेल्या जागी लपेल.

टप्पा ४: कुठलं मांजर हे मनात ठरवा

सगळ्यांना दीड-दोन महिन्यांचं पिल्लू हवं असतं, आणि त्यातही पांढरं किंवा केशरी. दोघंही दिवसभर ऑफिसला असाल तर एकटं पिल्लू आणू नका. ते कंटाळतं, चावतं, पडदे चढतं, रात्री तुम्ही झोपलात की खेळायला उठवतं. अशा घरात एक वर्षाच्या पुढचं मांजर घ्या, त्याचा स्वभाव कळलेला असतो आणि शेल्टरवाले तो सांगू शकतात. पिल्लूच हवं तर एकाच वेताची दोन घ्या, ती एकमेकांना चावायला किती जोर लावायचा ते शिकवतात. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडून कुणी देत असेल तर घेऊ नका.

काळी मांजरं, एका डोळ्याची, तीन पायांची, पाच-सहा वर्षांची, ही मागे राहतात. मला त्यांच्यासाठी खरंच बोलावंसं वाटतं: तीन पायांचं मांजर फ्लॅटमध्ये इतरांसारखंच राहतं, आणि मोठं मांजर माणसाला जीव लावत नाही ही समजूत सपशेल चुकीची आहे.

टप्पा ५: शेल्टरमध्ये गेल्यावर

कुठे शोधायचं म्हणाल तर मुंबईत वर्ल्ड फॉर ऑल ही संस्था दत्तक मेळावे भरवते, योडा ही संस्था आहे, परळचं बैल घोडा हॉस्पिटल आहे, पुण्यात रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट आणि ब्लू क्रॉस, ठाण्यात एसपीसीए (प्राणी क्रूरता प्रतिबंधक संस्था), शिवाय घरोघरी फोस्टर करणारे. जायच्या आधी फोन करा, कुठली मांजरं दत्तकासाठी आहेत आणि कुठली अजून उपचारावर आहेत ते विचारा.

दुपारी गेलात तर सगळी झोपलेली दिसतील आणि तुम्हाला वाटेल सगळी शांत आहेत. संध्याकाळच्या खाण्याच्या वेळी जा. कोण धावत येतं, कोण मागे थांबून बाकीच्यांचं झाल्यावर खातं, कोण दुसऱ्याच्या ताटलीत तोंड घालतं, हे पंधरा मिनिटांत दिसतं. आणि जी बाई किंवा दादा रोज ताटल्या भरतात त्यांच्याशी बोला, ऑफिसमधल्या माणसापेक्षा त्यांना जास्त माहिती असते. त्यांना विचारा: ही कुणाबरोबर झोपते? उचलली तर चालते का? औषध कसं घेते? याआधी कुणी नेऊन परत आणली का, आणि का?

तुम्ही जमिनीवर बसा, हात पुढे करू नका, बोट नाकापासून वीतभर लांब धरा. आलं तर आलं. पहिल्या भेटीत पिंजऱ्याच्या मागे बसून राहिलेलं मांजर वाईट असतं असं नाही, शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा, ओळखीचा वास आला की बरीच मांजरं बदलतात.

अंगावरून नजर फिरवा:
- डोळे स्वच्छ हवेत, आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा वर आलेला नको. नाक वाहत असेल तर आज नेऊ नका.
- कानात कॉफी पावडरसारखी काळी घाण असेल तर कानातल्या किड्यांचा त्रास आहे, बरा होतो पण उपचार चालू आहेत का विचारा.
- अंगावर गोल टक्कल पडलेले डाग म्हणजे बुरशी असू शकते, ती माणसांना आणि लहान मुलांना लागते.
- पोट फुगलेलं आणि बरगड्या दिसतायत, म्हणजे जंत.
- कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर ती जखम नाही, नसबंदी झाल्याची खूण आहे.

टप्पा ६: फॉर्म आणि कागद

फॉर्ममध्ये खरं लिहा. जाळी नाही तर "नाही" लिहा, बहुतेक शेल्टर तुम्हाला लगेच नकार देत नाहीत, जाळी लावून या म्हणतात. व्हिडिओ कॉलवर किंवा प्रत्यक्ष घर बघायला येतील, त्याचा राग मानू नका. आधार, पत्त्याचा पुरावा, घरमालकाची परवानगी बरोबर ठेवा.

करारात नसबंदीची अट आणि "मांजर ठेवता आलं नाही तर आम्हालाच परत द्यायचं" ही अट बघा, दोन्ही असायला हव्यात. लसीचं कार्ड हातात घेऊन तपासा. प्रत्येक लसीपुढे बाटलीचा स्टिकर, तारीख, व्हेटची सही आणि शिक्का हवा. नुसतं पेनाने "व्हॅक्सिन डन" लिहिलेलं असेल तर ती लस झाली नाही असं धरून चाला. शेवटचं जंताचं औषध कधी दिलं, सध्या काय आणि किती वेळा खातं, लिटर कुठलं, हे कागदावर लिहून घ्या.

सावधान: ऑनलाइन "फ्री पर्शियन पिल्लू, फक्त ट्रान्सपोर्टचे पैसे आधी पाठवा" असं आलं तर ती फसवणूक आहे. मांजर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कुणालाही एक रुपया पाठवू नका.

टप्पा ७: घरी आणणं

निघायच्या आधी तीन-चार तास खाणं देऊ नका म्हणून शेल्टरला सांगून ठेवा. कॅरिअरमध्ये शेल्टरमधलं, त्याने वापरलेलं फडकं घाला, आणि त्याच्या ट्रेमधलं मूठभर वापरलेलं लिटर पिशवीत मागून घ्या, घरच्या ट्रेत टाकलं की त्याला जागा लगेच कळते.

पुठ्ठ्याचा खोका नको. घाबरलं की मांजर मुततं, तळ ओला होतो आणि रस्त्यातच खालून सुटतो. बाजाराची पिशवी नको, हातात धरून नको, टू-व्हीलर तर नकोच. चेनवाली बॅग असेल तर दोन्ही चेनच्या टोकांना सेफ्टी पिन लावा, मांजरं नाकाने चेन उघडतात. रिक्षात कॅरिअर मांडीवर, दोन्ही हातांनी, वरून ओढणी किंवा चादर. कितीही ओरडलं तरी दार उघडून बघायचं नाही. सिग्नलला थोपटायला म्हणून उघडलेल्या कॅरिअरमधून निसटलेली मांजरं परत सापडणं फार कठीण असतं.

टप्पा ८: पहिले तीन दिवस काहीच करू नका

थेट ठरवलेल्या खोलीत जा, दार लावा, मग कॅरिअर उघडा आणि बाजूला व्हा. ओढून काढू नका. ते तासाभराने येईल किंवा रात्री सगळे झोपल्यावर येईल. कॅरिअर तिथेच उघडा ठेवा.

पाहुणे नाहीत, फोटोसाठी उचलणं नाही, आंघोळ तर मुळीच नाही (शेल्टरमधून आणलंय म्हणून लोक पहिल्याच दिवशी आंघोळ घालतात, कृपा करून नको). लहान मुलांना सांगा की खोलीत एकावेळी एकच जण आणि तोही खाली बसून. तुम्ही दिवसातून तीन-चार वेळा जा, जमिनीवर बसा, फोनवर हळू बोला, पेपर मोठ्याने वाचा, मांजराकडे रोखून बघू नका. त्याने तुमच्याकडे बघून डोळे सावकाश मिटले तर तुम्हीही तसेच मिटा. फिस्कारलं तर मागे सरका, ओरडू नका. रात्री ओरडेल, दार ओरबाडेल, त्या वेळी खाणं देऊ नका नाहीतर रोज तीन वाजता उठवेल.

खाणं शेल्टरमधलंच ठेवा. बदलायचं असेल तर सात ते दहा दिवसांत, रोज थोडं नवं मिसळत. गाईचं दूध देऊ नका, मोठ्या मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात, आणि लोकांना वाटतं आजारी मांजर दिलं. नुसतं उकडलेलं चिकन रोजचं जेवण म्हणून पुरत नाही, त्यात कॅल्शिअम नसतं.

एक वही ठेवा आणि रोज चारच गोष्टी लिहा: खाल्लं का, पाणी प्यायलं का, शू झाली का, शी कशी होती. यावरूनच ठरतं की लपून बसलेलं मांजर घाबरलंय की आजारी आहे.

लगेच व्हेटला फोन करायची वेळ:
- मोठ्या मांजराने पूर्ण २४ तास काहीच खाल्लं नाही. मांजर उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साठायला लागते, "भूक लागली की खाईल" हा नियम इथे चालत नाही. पिल्लू असेल तर १२ तास सुद्धा खूप.
- बोका परत परत ट्रेत जाऊन बसतोय, जोर लावतोय, पण शू होत नाहीये. रात्रीचे दोन वाजले असले तरी न्या, मार्ग बंद झाला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.
- तोंड उघडं ठेवून श्वास, सतत उलट्या, रक्ताची शी.

साधारण तीन दिवस घाबरण्यात, तीन आठवडे घराची सवय व्हायला आणि तीन महिने तुम्हाला आपलं मानायला, असा ढोबळ हिशेब फोस्टरवाले सांगतात. काही मांजरं दुसऱ्याच दिवशी मांडीवर येतात, काहींना दिवाळी ते होळी लागते. खाताना तुम्ही खोलीत आलात तरी शेपूट वर करून खात राहिलं की मगच दुसरी खोली उघडा.

टप्पा ९: व्हेट, लस, नसबंदी

पहिल्या आठवड्यात एकदा दाखवून आणा, शीचा ताजा नमुना डबीत घेऊन जा. मांजर बघणारा व्हेट आधीच शोधून ठेवा, तालुक्याच्या ठिकाणी सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींचं काम जास्त असतं त्यामुळे मांजराची लस आहे का ते फोनवर विचारून मग जा. लस मेडिकलमधून स्वतः विकत घेऊन खिशात नेऊ नका, ती २ ते ८ अंशात राहावी लागते.

पिल्लांना ट्रायकॅटचा (पॅनल्युकोपेनिया आणि मांजरांच्या सर्दीच्या दोन व्हायरसवरची एकत्र लस) पहिला डोस साधारण आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा, आणि शेवटचा सोळा आठवड्यांना किंवा त्यानंतर. लोक पहिला डोस देऊन थांबतात ही मोठी चूक, आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पहिल्या डोसाला निकामी करू शकते म्हणूनच शेवटचा डोस महत्त्वाचा. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. वर्षाने दोन्हींचा बूस्टर. मांजर आजारी असेल तर लस पुढे ढकला. फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही या मांजरांतून मांजरांत पसरणाऱ्या दोन व्हायरसची रक्ततपासणी झाली नसेल तर करून घ्या, घरात दुसरं मांजर असेल तर नक्कीच.

पिसवांसाठी कुत्र्याचं औषध मांजराला लावायचं नाही. त्यातलं परमेथ्रीन मांजरासाठी विष आहे, अंग थरथरायला लागतं आणि झटके येतात. पाकिटावर मांजराचं चित्र आणि वजन बघूनच घ्या.

नसबंदी साधारण चार ते सहा महिन्यांत. "एकदा पिल्लं होऊ दे मग करू" याची गरज नाही, मांजरी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत पिल्लं. बोक्याचं लवकर केलं तर भिंतीवर, पडद्यावर शू मारायची सवय बहुतेक वेळा लागतच नाही.

चावलं किंवा ओरबाडलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा, हळद लावून बसू नका.

टप्पा १०: घरात आधीच मांजर किंवा कुत्रा असेल तर

दोन आठवडे पूर्ण वेगळं, वाट्या आणि ट्रेही वेगळे. आधी वास: एकाच्या अंगाला पुसलेलं फडकं दुसऱ्याच्या जेवणाशेजारी. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खाणं. मग दार फटीएवढं. फिस्कारणं चालेल, कान मागे पाडून गप्प रोखून बघणं दिसलं तर एक पायरी मागे. "भांडून मिटवतील" असं म्हणून समोरासमोर सोडू नका, एकदा जोरदार भांडण झालं की पुढचे कित्येक महिने जातात. कुत्रा असेल तर तो पट्ट्यावरच, आणि मांजराला वर चढायला कपाटाची किंवा टेबलाची जागा मोकळी.

टप्पा ११: जमलंच नाही तर

तीन आठवडे वरचं सगळं करूनही अडत असेल तर सगळ्यात आधी शेल्टरला फोन करा, बऱ्याचदा ट्रेची जागा बदलूनच प्रश्न सुटतो. तरीही ठेवता येत नसेल तर शेल्टरलाच परत द्या, ओळखीच्या माणसाला परस्पर देऊ नका आणि मासळी बाजारात, मंदिराबाहेर, "तिथे खायला मिळतं" म्हणून सोडू तर नकाच. घरात राहिलेलं मांजर तिथे टिकत नाही, आणि पाळीव प्राणी असा सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

परत देताना लाज वाटून गप्प राहू नका. लसीचं कार्ड, ती वही, त्याचं फडकं आणि काय जमलं नाही ते जसंच्या तसं लिहून द्या: मुलांना घाबरलं, कुत्र्याशी पटलं नाही, एकटं राहिलं की ओरडायचं, जे असेल ते. पुढचं घर निवडताना आम्ही तेच वाचतो.